पार्किंगमध्ये घागर

जून महिन्यात दोह्यात रस्त्यावर उभं राहून गाणं-बजावणं करायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यात येईल त्याचं डोकं आधी गार पाण्याखाली धरावं, असं माझं मत होतं. एका सकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला दिसला, तो मी उभ्या उभ्या वाचला आणि एकटीच हसले. फ्रान्समध्ये म्हणे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी गावोगाव लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरतात आणि ज्याला जे वाटेल ते वाजवतो. तिकीट नाही, निमंत्रण नाही. तसंच आपण इथे, फरीज बिन ओमरान वस्तीत, आपल्या इमारतीपुरतं करू या, असं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्रेंच बाईनं लिहिलं होतं. रस्ता कुठला, तर तळघरातलं पार्किंग.

ते शेवटचं वाचून मात्र मी हसायची थांबले, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मे महिना लागला की आमचा रस्ता तोच. बाहेर डांबर इतकं तापतं की चपलेतून पायाला कळतं. मग मुलं खाली सायकली फिरवतात, पुरुष गाड्यांच्या मधून चालण्याचा व्यायाम करतात आणि बायका खांबाला टेकून गप्पा छाटतात. इमारतीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं हे मला कधी घरात बसून कळलेलं नाही. पार्किंगमध्ये कळतं.

ही फ्रेंच बाई शाळेत शिकवते आणि ट्रॉम्बोन नावाचं लांबलचक पितळी वाद्य वाजवते. वाईट वाजवते. मी तिच्या अगदी डोक्यावरच्या मजल्यावर राहते, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. एखादा सूर लागला की तिचं तिलाच आश्चर्य वाटत असावं, कारण मग ती तो सोडतच नाही. त्याच आठवड्यात ती मला लिफ्टमध्ये भेटली आणि म्हणाली, "तू काय वाजवणार?"

"मला काही येत नाही," मी म्हटलं.

"मलाही येत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी कुणाला काय येतं असं विचारत नाहीत. आणि कुणी वाजवायचं, कुणी नाही, हेही कुणी ठरवत नाही. तेवढा एकच नियम."

तिनं हे अगदी सहज टाकलं आणि ती आपल्या मजल्यावर उतरून गेली. मी घरी येऊन पर्स सोफ्यावर आपटली. कारण कुणी वाजवायचं आणि कुणी नाही, हे माझ्या बाबतीत गेल्या अष्टमीला ठरवून मोकळे झाले होते लोक.

आम्हा कोकणस्थांकडे नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मी बसवतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करतात, नव्या लग्नाच्या मुली पूजा करतात आणि संध्याकाळी देवीपुढे बायका घागरी फुंकतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. रिकामी घागर दोन्ही हातांत धरायची, काठ खालच्या ओठाला टेकवायचा आणि घागरीच्या तोंडावरून वारा सोडायचा. आत नाही, वरून. नवख्या बायका आत फुंकतात, मग नुसती थुंकी उडते. नीट फुंकली की घागर घुमायला लागते आणि पाय आपोआप ठेका धरतात. वाद्यांमध्ये तिला कुणी मोजत नाही. मी मोजते.

मला हे माझ्या आत्यानं शिकवलं, परसात, विहिरीच्या काठाशी उभं करून. दोह्यात आमच्या मोजक्या घरांच्या मंडळाची अष्टमी सुरू झाली तेव्हा घागर कुणाकडेच नव्हती. मी रत्नागिरीहून माझी आणली, नवऱ्याच्या लेंग्या-सदऱ्यांत गुंडाळून, आणि मंडळाला देऊन टाकली. कशी धरायची हे मंडळातल्या निम्म्या बायकांना मीच दाखवलं. रात्र चढली आणि सगळ्या दमल्या की शेवटी मी एकटी उरायचे. नवरा दाराशी बसून माझ्या चपला राखायचा आणि म्हणायचा, "हिचं फुफ्फुस उघडून बघा, आत भाता निघेल."

दोन वर्षांपूर्वी तो गेला. सकाळी कामावर गेला तो तिकडूनच. लोक भेटायला आले आणि पहिलाच प्रश्न, आता परत कधी? जशी काही मी त्याच्या सामानातली एक बॅग होते. माझी नोकरी माझी आहे, माझा व्हिसा माझा आहे. शाळेच्या बसगाड्या मी सांभाळते, पहाटे उठून ड्रायव्हरांवर हिंदीत ओरडते, आणि ते ड्रायव्हर माझं ऐकतात. मी कुठेही गेले नाही.

त्या वर्षी अष्टमीला मन झालं नाही. गेल्या वर्षी मात्र गेले. मोहरीच्या रंगाची चांगली साडी नेसले, केसांत माळण्याऐवजी गजरा पर्सला बांधला, तेवढी भीड मीही ठेवली. रात्री घागर हातात घेतली, आणि मंडळ चालवणारी बाई पुढे आली. तिला आम्ही सगळ्या ताई म्हणतो, वयानं ती माझ्याहून लहान आहे. तिनं घागर माझ्या हातातून अलगद काढून घेतली. ओढली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. "काकू, तुम्ही आरामात बसा. दमाल. आम्हाला टाळ्यांचा ठेका द्या," म्हणाली आणि घागर एका नव्या नवरीच्या हातात दिली. खोलीत एकीनंही मान वर केली नाही, त्यावरून कळलं की हे आधी ठरलेलं होतं. घागर सवाष्णींनी आणि मुलींनी फुंकायची. माझ्यासाठी एसीखालची खुर्ची राखून ठेवली होती आणि माझ्या ताटलीत नारळाच्या वड्या इतरांपेक्षा जास्त होत्या.

दमाल म्हणे. दम धरायला त्या बाईला शिकवलं कुणी?

तर पर्स आपटली तेव्हाच मी ठरवलं. फ्रेंचांच्या दिवशी घागर वाजवायची, आणि तीही माझीच. शुक्रवारी सकाळी गाडी काढली आणि लुसैलला ताईच्या घरी जाऊन उभी राहिले. उंच इमारत, काचेच्या भिंती, समोर समुद्र. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात माझी घागर, तिला जरीचं झाकण शिवलेलं. सोफ्यावर ताईच्या आई बसल्या होत्या. चिपळूणहून लेकीकडे राहायला आलेल्या, वाळकुडं अंग, पांढरे केस. त्या टीव्ही बघत होत्या.

"माझी घागर हवी आहे. एका दिवसापुरती," मी म्हटलं.

"अष्टमीला अजून वेळ आहे की, काकू."

मी तिला पार्किंगचं सगळं सांगितलं. तिचा चेहरा असा झाला, जसं काही मी देवीच्या मुखवट्याची भाकरी थापायला मागितली होती.

"गाड्यांच्या धुरात? परक्या माणसांत? काकू, ती आता देवीची आहे."

"देवीची ती अष्टमीला. बाकी वर्षभर तुझ्या कपाटाची आहे."

"आणि फुंकणार कोण?"

"मी."

ताईनं आवाज खाली आणला. "काकू, तुमचं दुःख आम्हाला कळतं हो. पण अष्टमीला त्याच घागरीला नव्या लग्नाच्या मुली तोंड लावणार. त्यांच्या सासवा मला विचारतील. मी कुणाकुणाला उत्तर देत बसू?"

"म्हणजे माझं तोंड लागलं की घागर बाटते."

"असं म्हटलं का मी?"

"नाही म्हटलंस. म्हणून विचारते आहे."

टीव्हीचा आवाज बंद झालेला होता, रिमोट आईंच्या हातात होता. ताई म्हणाली, चहा टाकते. मी म्हटलं, टाक, आणि तूच पी. घागरीकडे न बघता मी बाहेर पडले.

परतीच्या वाटेवर रडले. रागानं रडले, ते वेगळं असतं, त्यानं नाक जास्त वाहतं. मला नवरा गेल्याचं कळत होतं, त्याचा टूथब्रश टाकायला मला पाच महिने लागले, कुणी मला दुःख समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्याच्या जाण्यानं माझा नवरा गेला, एवढंच मला मान्य होतं. त्याच्याबरोबर माझा श्वासही मंडळाच्या ताब्यात गेला, हे मला मान्य नव्हतं आणि मरेपर्यंत होणार नव्हतं.

आमच्या शेजारी राजापूरच्या भाभी राहतात. मुसलमान, माझ्याच वयाच्या, आणि त्या मजल्यावर माझ्या मराठीला मराठीत उत्तर देणाऱ्या त्या एकट्याच, कारण त्यांची मुलंसुद्धा इंग्रजीतच बोलतात. माझं तोंड बघून त्यांनी आत ओढलं आणि पाणी दिलं. मी सगळं ओकून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग माजी ने ना घागर. आवशीनं दिलेली हाय लग्नात. पन वैनी, आदीच सांगते, सोवल्यातली नाय हां."

"सोवळ्यातली नकोच आहे मला."

भाभींची घागर दाराजवळ प्लॅस्टिकच्या फुलांनी भरून ठेवलेली होती. फुलं काढली तर आतून केसांचा चाप निघाला, एक बॅटरी निघाली आणि कधीच विकून टाकलेल्या टीव्हीचा रिमोट निघाला. भाभींनी चिंच लावून घासून दिली. जड पितळ, काठ जाड, गळा माझ्या घागरीपेक्षा रुंद. म्हणजे सगळं नव्यानं शिकणं आलं.

सराव मी बाथरूममध्ये केला, तिथे आवाज भरतो. पहिले काही दिवस नुसतं फुस्स. दोन वर्षं छाती वापरलीच नव्हती, जिने चढण्यापुरती आणि ओरडण्यापुरती तेवढी. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, मग टबच्या काठावर बसायचं आणि स्वतःला शिव्या घालायच्या. भाभी एकदा बाहेरून म्हणाल्या, "वैनी, जिवंत हायस ना?" मग एका दुपारी घागर घुमली. छोटासाच हुंकार, पण भिंतींनी तो उचलला. आणि खालच्या मजल्यावरून ट्रॉम्बोननं तोच सूर धरला. मी पुन्हा फुंकली, खालून पुन्हा उत्तर आलं. ती बाई सूर सोडत नाही हा तिचा दोष मी वर सांगितला आहे. त्या दिवशी मला तो दोष वाटला नाही.

मोठ्या दिवसाचा मुहूर्त नातूरनं ठरवला. नातूर म्हणजे इमारतीचा रखवालदार. त्यानं सांगितलं, असरची, म्हणजे दुपारची नमाज झाली की सुरू करा, सूर्य बुडताना मगरीबची अजान व्हायच्या आधी खलास. त्यानं एका रांगेतल्या गाड्या हलवून घेतल्या आणि दोन मोठे पंखे लावले. ते गरम हवाच इकडची तिकडे करत होते, तरी बरं वाटत होतं. दुसऱ्या मजल्यावरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, माणूस ऊद नावाचं तारांचं वाद्य घेऊन आला होता. फिलिपिनो कुटुंब आपला माइक आणि स्पीकर घेऊन आलं, त्यांचा आवाज मात्र असा की आजूबाजूच्या दोन गाड्यांचे भोंगे कोकलायला लागले. फ्रेंच बाई ट्रॉम्बोन घेऊन घामानं निथळत मध्ये उभी होती आणि कुणी काहीही वाजवलं तरी हसत होती. कुणी कुणाचं नाव पुकारत नव्हतं. एक थांबला की दुसरा सुरू करायचा.

मी खांबाआड घागर घेऊन उभी, शेजारी भाभी. तेवढ्यात ताई आली. तिच्या लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणी आमच्या इमारतीत राहतात, त्यांचं गिटारचं काहीतरी होतं. मंडळातल्या आणखी दोघीही आल्या होत्या, आणि ताईच्या आई. आईंना कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. ताईनं मला पाहिलं, घागर पाहिली आणि सरळ माझ्याकडे आली.

"काकू, हे बरं दिसतं का? देवीचं असं कुठेही..."

"इथे देवी कुठे आहे? मुखवटा नाही, धूप नाही, आरती नाही. नुसतं पार्किंग आहे."

"लोक व्हिडिओ काढतात. तो सगळीकडे जाईल."

"जाऊ दे. माझी डावी बाजू चांगली येते, तिकडून काढायला सांग."

भाभी फिसकन हसल्या. ताईचे कान लाल झाले. ती जाऊन आपल्या आईच्या खुर्चीमागे उभी राहिली.

मिसरी माणसानं ऊद खाली ठेवला आणि मी पुढे झाले. चपला काढल्या. घागर ओठाला लावली, फुंकली, आणि फुस्स. मागून कुणाचं तरी हसू ऐकू आलं, मराठी हसू, ते मला कुठेही ओळखू येतं. वाटलं, ताईनं म्हटलं तेच खरं, दमले मी, संपले. आणि त्या वाटण्याचाच मला इतका संताप आला की मी घागर एक बोट खाली घेतली, खांदे सोडले आणि छातीत होतं नव्हतं ते सगळं काठावरून सोडून दिलं.

घुमली. बाथरूममध्ये घुमायची ती काहीच नव्हे. वर काँक्रीट, खाली काँक्रीट, मध्ये खांबांच्या रांगा, तो आवाज दूरच्या भिंतीपर्यंत गेला आणि माझ्या पाठीवर परत आला. मी पुन्हा फुंकली. पाय उचलले गेले. एक पाऊल पुढे, एक मागे, मग गोल. ट्रॉम्बोननं सूर धरला आणि सोडला नाही. भाभी टाळ्या द्यायला लागल्या, मग इतरही. घामानं घागर हातातून निसटायला बघत होती, मी ती ओढणीनं धरली. आरडाओरडा केला नाही, घुमवत राहिले. मला वाटलं, बघा, तुमच्या परवानगीशिवाय चालतोय हा श्वास, आणि तो चांगला चालतोय.

शेवटी थांबले. मी वाकून दम घेत होते, तर समोर एक हात आला. सुरकुतलेला, हिरव्या शिरांचा. ताईच्या आईंचा. मला वाटलं, त्यांना पाणी हवं आहे.

"इकडे दे," त्या म्हणाल्या.

"आई, काय करतेस तू?" ताई म्हणाली.

आईंनी मागे वळून पाहिलं नाही. "कुणाची गो ही?" त्यांनी मला विचारलं.

"शेजारच्या भाभींची. राजापूरच्या आहेत."

"मग जड असणार," म्हणून त्यांनी घागर मांडीवर ओढून घेतली. मी खालून आधार दिला. ताईनं पुन्हा "आई" म्हटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, अगदी हळू, जसं बाजारातून काय आणायचं ते सांगावं, "सत्तावीस वर्षांची होते मी, तेव्हा काढून घेतली माझ्या हातातून. तुझ्या आजीनं. तू पाळण्यात होतीस, तुला काय माहीत असणार."

ताईला खरंच माहीत नव्हतं. हे तिच्या तोंडावर दिसलं आणि माझा तिच्यावरचा राग क्षणभर कुठे ठेवावा हे मला कळेना.

आईंनी फुंकली. नुसता वारा. पुन्हा फुंकली, पुन्हा वारा. मग त्यांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही रुमालात गुंडाळल्या आणि हात मागे करून लेकीच्या हातात दिल्या. ताई ती पुरचुंडी घेऊन उभी. आईंचे ओठ आत गेले होते. त्यांनी घागर थोडी कलती केली, कुणी न सांगता, आणि वरून वारा सोडला. वरून, आत नाही. आवाज आला. बारीक होता, थरथरत होता, पण घागरीचाच होता. खाली उभ्या असलेल्या माणसांपैकी त्याचा अर्थ फार तर पाच जणींना कळला असेल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"उभं करा मला," आई बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "बसून कोण फुंकतं?"

मी उजव्या बाजूनं त्यांच्या काखेत हात घातला. डावी बाजू मोकळी होती. भाभी पुढे यायला निघाल्या आणि थांबल्या. ताईनं रुमालाची पुरचुंडी पर्समध्ये टाकली आणि येऊन डावीकडून आईला धरलं. माझ्यासाठी आली नव्हती ती, आई पडेल म्हणून आली होती. आईंचं वजन काहीच नव्हतं. आम्ही दोघींनी त्यांना उचललंच म्हणायचं. त्यांचा पाय जमिनीवर ठेका शोधत होता.

त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरून मी ताईला म्हटलं, "अष्टमीला मी येणार आहे. फुंकायला." विचारलं नाही, सांगितलं.

ताईनं आईच्या कमरेभोवती हात घट्ट केला. आई मध्ये उभ्या राहून फुंकत होत्या.

"आधी हिला नीट धरा," ती म्हणाली.

मी धरलं.